एक वाजताचा दोष

एकवीस वर्षं रांगेत काढल्यावर परदेशातल्या सरकारने कायम वास्तव्याचा परवाना दिला, तो केळुसकरांना नव्हे, त्यांच्या कसबाला. पुलाच्या पोलादावर हातोडी मारून आवाजावरून आतला तडा ओळखणारं ते कसब आता यंत्रात उतरवलं होतं. केळुसकरांना रविवारी एकट्याने भारतात परतायचं होतं.

शेवटच्या दिवशी यंत्राने त्यांच्याच आवाजात विचारलं, “साहेब, रोज एक वाजता माझं काम आपोआप पाच मिनिटं थांबतं. वरचे म्हणतात, दोष आहे, काढून टाक. काढू?”

एक वाजता केळुसकरांची बायको शालन डबा घेऊन पुलाखाली यायची आणि वर बघून हात हलवायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

“राहू दे,” केळुसकर म्हणाले. “वरच्यांना सांग, तेवढं थांबल्याशिवाय कान नीट काम करत नाही.”