तिसरं खाचर

रखमाजीने ताट भिंतीवर भिरकावलं. भात चुलीपर्यंत उडाला आणि आंबेमोहराचा वास घरभर झाला. त्या वासाने तर त्याचं डोकं आणखीच भडकलं. नवा तांदूळ! त्याच्या घरात!

"रानाला दावल्याबिगर नवं शिजवलंस? लाज वाटली न्हाई?" तो बायकोवर ओरडला.

नव्या भाताची पहिली मूठ आपल्या रानात ठेवायची, रानाला हात जोडायचे, मगच घास घ्यायचा, ही त्यांच्या घराची रीत. पण रखमाजीचं रान, भाताची तीन खाचरं, विजेच्या धरणाच्या पाण्याखाली जाऊन अठरा वर्षं झाली होती. तेव्हा त्याने शपथच घातली होती, रान नाही तर नवंही नाही. तेव्हापासून लोणावळ्याच्या बंगल्यांत माळीकाम आणि घरी नाचणीची भाकरी. आता दात गेले होते, भाकरी पाण्यात भिजवून गिळावी लागायची. पण शपथ म्हणजे शपथ.

आज तर तो आधीच पेटून आला होता. बंगल्याचे मालक माधवराव पेन्शनर, सत्तरीचे, गालांवर अजून लाली. व्हरांड्यात विजेच्या दिव्याखाली बसून त्यांनी उपदेश केला होता, "रखमाजी, रोज झोपताना पाच गोष्टींचे आभार मानावेत. म्हातारपण सुखाचं जातं. मी मानतो बघ."

रखमाजीने झारी खाली आपटली होती. "तुमी माना सायेब. माजं रान बुडालं तवा तुमचा दिवा लागला." आणि तो तडक घरी निघून आला होता.

कस्तुराबाई खाली बसून शितं वेचत होती. नवऱ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण अजून डोक्यावर मोळी घेऊन डोंगर चढायची, आणि हसली की कुणाला तिचं वय कळत नसे. रखमाजीला याचाही राग यायचा. एवढं सगळं गेलं आणि ही बया हसते कशी?

"दावलंय रानाला," ती म्हणाली.

"कुटं? रान हाय कुटं?"

"पाण्याखाली. दरसाल कापनीला जाते, मजुरीचं भात मिळतं. त्यातली मूठ धरनाच्या काठाला नेते आन पाण्यात सोडते. मूठभर मीबी खाते तितंच. औंदा तुमास्नी भाकर गिळवंना, म्हून घरी आनलं."

अठरा वर्षं! चोरून! रखमाजी उठला.

"धरनाला निवद दावतीस? ज्यानं आपल्याला देशोधडीला लावलं त्याला?"

आता मात्र कस्तुराबाईही भडकली. हातातली शितं तिने ताटात आपटली.

"धरनाला? धरनाच्या नावानं आदी थुकते म्या! मंग रानाला हात जोडते. त्यानं काय वाकडं केलंतं आपलं? बुडायच्या आदल्या सालापातुर पोटाला घातलं त्यानं. तुमी धरनावर रुसला आन रानाला उपाशी ठिवलं!"

"म्या ठिवलं?"

"मंग कुनी? म्या येकेका खाचराचं नाव घेऊन मूठ सोडते. जांभळीचं खाचर. देवाचा तुकडा. आन तिसरं. घ्या, तुमी घ्या त्याचं नाव!"

रखमाजीने तोंड उघडलं. नोटीस आली तो वार त्याला आठवत होता. ती वाचणाऱ्या साहेबाच्या टोपीचा रंग आठवत होता. धरणाच्या भिंतीवरच्या मुकादमाचं नाव तर रोज शिवी देताना त्याच्या तोंडी असे. तिसरं खाचर त्याने लग्नाच्या साली पाठीवर दगड वाहून स्वतः बांधलं होतं. नावही त्यानेच ठेवलं होतं.

तो मग भिंतीशी बसला. जमिनीवरचं एक शीत उचलून त्याने तळहातावर धरलं, पण ते तोंडात घालवेना.

"कस्तुरे," तो म्हणाला, "त्याचं नाव काय गं व्हतं?"