दुसरा पेला

नव्या नळाचा पहिला पेला महापौरांनी प्यायचा आणि दुसरा समोरच्या लेकराला पाजायचा, असा यॉर्कशायरमधल्या त्या गिरणीगावाचा रिवाज. हॅलिवेलसाहेबांनी डोळे मिटून पेला रिकामा केला. ते प्रार्थना म्हणत असतील, असं लोकांना वाटलं.

"बघ रे, आता तरी बिअर सोड!" कुणीतरी मित्राला डिवचलं. गर्दी हसली. डोंगरातलं पाणी गावात आणायला साहेबांनी चांगली चालती वकिली सोडली होती.

दुसरा पेला भरून ते वाकले, तशी समोरच्या बाईने कडेवरच्या पोराचं तोंड हाताने गच्च झाकलं.

"अगं मार्था, वेडी का तू? खुद्द महापौर पाजतायत!" शेजारीण कुजबुजली.

साहेबांनी वर पाहिलं. पाण्याचा पेला ओठांना लावला की इतकी वर्षं त्यात जो चेहरा दिसायचा, तोच समोर उभा होता.

"बाई, पाणी स्वच्छ आहे," ते कसंबसं म्हणाले. "देवाशपथ स्वच्छ आहे."

"गिरणीच्या विहिरीच्या पाण्याने माझी लेक एस्थर गेली, तेव्हा कोर्टात मालकाच्या बाजूने उभं राहून तुम्ही हेच म्हणाला होतात, वकीलसाहेब."