नऊ नंबरच्या रॅकची मर्यादा

"कोणी काय बदललं, ते आज निघेल," विनिता मॅडम म्हणाल्या आणि दीपेशच्याच लॅपटॉपसमोर बसल्या.

दीपेशने खुर्ची सरकवली. कशेळीच्या या गोदामाचा प्रोग्रॅम दोघांनी मिळून लिहिलेला. जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक रॅकचा एक ऑब्जेक्ट: नंबर, उंची, वजनमर्यादा. मर्यादेच्या आत माल असला की हिरवी खूण, नाहीतर लाल. दर मिनिटाला प्रोग्रॅममधलाच एक पहारेकरी जुने आकडे नव्यांशी ताडून बघायचा. फरक दिसला की नोंद.

पहारेकरी दीपेशनेच बसवला होता.

मंगळवारी हिरवी खूण आली, माल चढला, नऊ नंबरचा रॅक दिनेशच्या अंगावर कोसळला.

दिनेश.उजवा_पाय
आधी: होता.
नंतर: नाही.

दीपेश.झोप
आधी: सात तास.
नंतर: तो आवाज.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दिनेश टेबलाशी आला होता. दिघाशी गावचा, फोर्कलिफ्ट चालवणारा.

"दीपेशदादा, नऊ नंबरचा आकडा बदल ना. शेटला नको इचारू, तो न्हाय बोलंल."

"पकडलं तर तुझं नाव सांगीन."

"सांग. माझं नाव त्याला कुठं ठावं हाय?"

दीपेश हसला होता. कन्सोलमध्ये, आज्ञा लिहायच्या खिडकीत, एक ओळ लिहून एंटर दाबलं. खाली नवा आकडा उमटला. "झालं. जा आता बिनधास्त."

मॅडम नोंदी खाली खाली सरकवत होत्या. सोमवारच्या नोंदी जवळ आल्या.

"मॅडम, मीच बदलला," दीपेश म्हणाला. "भाविकशेठना न विचारता."

त्या थांबल्या. पुन्हा वर गेल्या, खाली आल्या.

"नोंदच नाही."

"मी स्वतः केला. नवा आकडा समोर आला."

"कन्सोल आपण लिहिलेलंच परत छापतो रे. दिवाळीनंतर शेठनी सगळे रॅक फ्रीझ करायला लावले, कोणी हात लावू नये म्हणून. तुला सांगायचं राहिलं. फ्रीझ केलेला ऑब्जेक्ट बदल घेत नाही, तक्रारही करत नाही." त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "बघ. बाराशे किलो होते, बाराशेच आहेत. सुटलास तू."

दीपेशने त्या आकड्यावर बोट ठेवलं.

रॅकचा खांब वाकलाय म्हणून दिनेशने सातशे करायला सांगितलं होतं.