गुलाबांचं खत

"मुळं जळाल्यात," खतांच्या दुकानातल्या गोरक्षने करपलेलं पान उजेडात धरलं. "युरिया टाकला का?"

"मागच्या महिन्यात, चिमूटभर," अमोल म्हणाला. "त्याआधी शेणखत, त्याआधी पेंड. काहीच लागू पडत नाही."

"मग आता रासायनिकचं नाव नाय काढायचं. गांडूळखत न्या. लय सौम्य हाय."

अमोलने पिशवी खांद्यावर टाकली. नोकरी मनमाडला रेल्वेत, आई नाशकात एकटी. सुट्टी आली की खतांच्या दुकानांचे उंबरे झिजवायचे. त्याला अगदी वीट आला होता.

घरी त्याची आई वत्सलाबाई पायरीवर बसल्या होत्या. "आणलंस पुन्हा?"

"हे शेवटचं. यानेही नाही जगले, तर..."

"तर काय?" त्यांनी पटकन विचारलं.

"जगतील गं. नको काळजी करूस."

वडील गेले तेव्हा साऱ्या भाऊबंदांसमोर आईने शब्द दिला होता, "ह्यांचे गुलाब जगतायत तोवर हे घर सोडणार नाही." अमोलने 'मनमाडला चल' म्हणून किती विनवलं! दर वेळी तिने वाफ्याकडे बोट दाखवलं. शेवटी त्याने विषयच सोडला. आईचा जीव वाफ्यात आहे ना, मग वाफा तरी वाचवू. तिची त्याला फार कीव यायची.

त्याने माती मोकळी केली, खत मिसळलं, पाणी दिलं. कंबर मोडून आली. एवढ्यात एका फांदीवर लालसर फुटवा दिसला आणि तो हरखलाच.

"आई, जगतायत गं!"

वत्सलाबाई फुटव्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पायल काढते का रे आजीची आठवण?"

"रोज. आजी कधी येणार, हेच विचारते."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "नीघ आता. गाडी चुकेल."

अमोल कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या फाटकात उभ्या होत्या. मग आत आल्या. पलंगाखालची भरलेली बॅग ओढून नातीसाठी विणलेला स्वेटर तिच्यात कोंबला, आणि स्वयंपाकघरातून खडेमिठाची बरणी घेऊन वाफ्यापाशी गेल्या.

पोराने या खेपेला खत चांगलंच आणलं होतं. त्यांनी दोन मुठी जास्त टाकल्या.