सव्वा मूठ

दगूबाई कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढत होती. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि पोत्यातून सव्वा मूठ सुपात टाकायची. ज्याच्या नावाची मूठ पडली, तो घरचा. बाकी सगळे पाहुणे.

तिच्या नवऱ्याची पडली. थोरल्या मुलाची पडली, त्याच्या दोन पोरांची पडली. मग दगूबाईनं पोत्याचं तोंड वळलं.

धाकटी सून रुपा लहानग्या नवनीतला कडेवर घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती. तिचा नवरा कुंदन गेल्यापासून तिचं ताट-तांब्या पडवीतच असायचं. नवनीतची राहिली, असं ती म्हणाली. पण शब्द नीट सुटेनात. जिभेवर, टाळूवर दह्यासारखा पांढरा थर धरला होता. आठवडाभर ती पातळ भातच गिळत होती.

थोरली जाऊ चारुलता भाऊबंदांच्या बायांकडं बघून हसली.

"जीभ दखाड ना यासले. कानबाईनं काय लिखेल शे, दखू दे."

त्या बायांतल्या दोघींनी नाकाला पदर लावला. रुपानं जमेल तसं सांगितलं: एचआयव्हीनं अंगातली ताकद कमी झालीय, जीवनसत्त्वंही कमी, म्हणून तोंडात बुरशी आली. औषधानं जाते. शेजारी बसून कुणाला लागत नाही. आणि पोराची दीड वर्षाची शेवटची तपासणी चांगली आली. तिनं कागद पुढं केला. कुणी हातात घेतला नाही.

"त्यान्हा बाप गया," दगूबाई म्हणाली, "त्यानी मूठबी गई."

नवनीत आईच्या फाटलेल्या ओठावर बोट ठेवत होता. ती हळूच बाजूला करी, तो पुन्हा ठेवी.

रुपा उंबरा ओलांडून आत आली. पोत्याशी बसली, त्याचं वळलेलं तोंड उघडलं. पोराचा हात आपल्या ओंजळीत धरून तिनं गव्हात बुडवला, सुपावर आणला आणि सोडला. "नवनीत कुंदन," ती म्हणाली. दाणे दाण्यांत मिसळले.

दगूबाई ओरडली, ते बाहेर काढ म्हणून.

रुपाची जीभ जळत होती. "तुम्हीच निवडी काढा, माय. त्यान्हा दाणा कोणता शे ते."

चारुलतानं झटक्यात सूप उचललं, अंगणात पालथं करायला. दारापर्यंत गेली. त्यात तिच्या दोन्ही पोरांच्या मुठी होत्या.

सूप तसंच हातात धरून ती उभी राहिली.