उजव्या दिव्याची वाटी

गाडीच्या उजव्या दिव्याची वाटी त्याने खिडकीपाशी नेली आणि उजेडात तिरकी धरली.

चहाचे कप घेऊन दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला सगळं तिथूनच दिसत होतं. कालपर्यंत या वाटीत डोकावलं की आपलंच नाक भोपळ्याएवढं दिसायचं. आज आत नुसतं पिवळट पितळ होतं.

गाडी त्याच्या वडिलांची. तिच्या दिव्यांची घरं उतरवून तो महिनाभर त्यांच्यामागे लागला होता. बाहेरून गंज खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, काळा रंग द्यायचा. आतल्या वाटीला उजेड परतवण्यासाठी चांदीचा मुलामा, तिथे मात्र नुसता कापूस फिरवायचा, तोही श्वास रोखून. काल दिव्यांच्या काचेभोवतीच्या कड्या तिने भांड्यांच्या पावडरने घासून लखलखीत करून दिल्या, तर म्हणाला, "तुझ्या हातात जादू आहे हं." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा असं काही बोलला की बाईला चेव येतोच. आज दुपारी तो आडवा झाल्यावर तिने तीच पावडर घेतली आणि वाटी आतून घासली. मुलामा सायीसारखा निघून आला.

चहा झाला की सांगून टाकू, असं तिने ठरवलं होतं.

"हे काय करून बसलो मी," तो म्हणाला.

ती कप सांभाळत आत आली.

"मीच घासली असणार. दुसरं कोण हात लावतंय इथे? आणि बघ ना, मला आठवतसुद्धा नाही."

बोलायची वेळ हीच होती. पण तिने कप खाली ठेवले, बशीत सांडलेला चहा पुन्हा कपात ओतला आणि तेवढ्यात ती वेळ गेली. खरं सांगायचं तर तिला क्षणभर सुटल्यासारखंच वाटलं. आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

त्याच्या विसरण्याबद्दल डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "बघू, लक्ष ठेवू." तेव्हापासून तो स्वतःवर लक्ष ठेवून होता, चोरावर ठेवावं तसं.

त्याने ब्रश पुसले. एकेक पाना खोक्यात ठेवायला लागला. "गॅरेजवाल्याला सांग, गाडी आहे तशी घेऊन जा म्हणावं. घराच्या किल्ल्याही आजपासून तुझ्याकडे. गॅसला मी हात लावणार नाही."

"अहो, थांबा. ती मी घासली."

तो हसला. "राहू दे गं."

"खरंच मी. तुम्ही झोपला होतात तेव्हा."

"आणि नळ? रात्रभर नळ वाहत होता, तेव्हाही म्हणालीस, मीच विसरले. दूध करपलं, तेही तूच. किती दिवस पांघरूण घालशील?"

नळ त्यानेच उघडा टाकला होता. दूधही त्यानेच करपवलं होतं. दोन्ही वेळा ती खोटं बोलली होती. आज खरं बोलत होती, तर आवाज अगदी तसाच निघत होता.

फडकं दाखवावं म्हणून ती मोरीकडे धावली. पण ते तिने दुपारीच धुऊन वाळत टाकलं होतं, इतकं स्वच्छ की एरवी स्वतःचंच कौतुक वाटलं असतं.

दोरीवरचं तेच फडकं ओढून, पावडरचा डबा घेऊन ती परत आली. डाव्या दिव्याची वाटी कापसात ठेवलेली होती. तिने ती मांडीवर घेतली.

"ती ठेव खाली," तो म्हणाला.

तिने फडक्यावर पावडर घेतली आणि पातेलं घासावं तसं गोल गोल घासायला लागली. पहिल्या फेऱ्यात चांदी मळली. दुसऱ्यात पितळ दिसायला लागलं.

"अगं! अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" त्याच्या हातातला पाना खाली पडला. "आतून घासतात का कधी? काल कड्या घासत होतीस तेव्हा बजावलं होतं ना, आत नुसता कापूस म्हणून? पण ऐकतंय कोण! फोन खांद्याला लावून बहिणीशी गप्पा चाललेल्या. तिच्या विहीणबाईंचा गुडघा! आणि मला आपलं हं, हं..."

तो एकदम थबकला. तिच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं, मग खिडकीतल्या वाटीकडे.

"बोला ना," ती हात न थांबवता म्हणाली. "आणखी काय काय सांगितलं होतं?"