आळेफाट्याची शर्यत

"दोन्हींतली एक गाडी शुक्रवारी जाणार," जन्नतबीनं बुधवारी सुपारी कातरता कातरता सांगितलं. "एका घराला दोन गाड्या पेलवत न्हाईत."

चांदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अम्मा नुसतं 'एक' म्हणाली होती, पण तिची नजर अंगणातल्या लाल गाडीवर होती, हे त्यानं बरोबर टिपलं.

ती लाल गाडी त्यानं तीन वर्षं खपून बांधली होती. लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेलं इंजीन पुण्याहून आणलं, जुन्नरच्या लोहाराकडून पत्रा ठोकून घेतला आणि मग जे निघेल ते काढून टाकलं. टप काढला, दारं काढली, मागची सीट काढली. उरल्या दोन जागा, त्यातली एक हवेच्या पंपानं अडवलेली. वजन हा गाडीचा वैरी, हे त्याचं ठाम मत. ते मत पुन्हा ऐकून घेईल असा माणूस आता जुन्नरच्या पेठेत उरला नव्हता.

थोरल्या भावाची, इस्माईलची काळी गाडी म्हणजे सगळं उलट. अब्बांनी घेतलेली, लांबलचक, आठ माणसं पोटात घेणारी, खिडक्यांना अम्मानं शिवलेले हिरवे पडदे.

"ही गाडी हाय का बिऱ्हाड?" चांद भडकला. "चढ आला की धापा टाकती. कुणाचं लग्न, कुणाची मयत, कुणाची बाळंतीण, नुसती हमाली. आन् विकायची मातर माझी?"

इस्माईल पानाला चुना लावत होता. "तुझी विकायची असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पायजे? डोळे हायेत मला. शर्यत लावा, भाई. जुन्नर ते आळेफाटा. मागं राहील ती गाडी विकायची."

इस्माईलनं आईकडं पाहिलं. आईनं अडकित्ता खाली ठेवला.

"शुक्रवारी सकाळी मला फाट्यावर जायचंच हाय," इस्माईल म्हणाला. "तू पण ये."

गुरुवारी संध्याकाळी चांद कामावरून परतला, तर काळी गाडी धुऊन लखलखीत केलेली. इस्माईल आतलं एकेक सामान बाहेर काढत होता. अम्माचं पानदान निघालं, पोरांची गोधडी निघाली, शेवटी पडदेही उतरले. चांदच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर वजनावरून आपली टिंगल केली, आणि आता आपलीच विद्या आपल्यावर!

"पडदे काढून हत्ती पळत नसतो, भाई," तो ओरडला.

इस्माईलनं उतरलेला पडदा पुढं केला. त्याची बायको रहिमाबी पडद्यांच्या घड्या घालत होती. तिनं पदरानं डोळे पुसले.

"काय झालं, भाभी?"

"पडद्यांत धूळ लई हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

शुक्रवारी सकाळी चांद पाहतो तो काय, काळ्या गाडीत सगळं घर चढलेलं. इस्माईल, रहिमाबी, अम्मा, मावशी आणि चार पोरं. अम्माच्या मांडीवर गाठोडं.

"तुमी सगळी कशाला?" त्यानं विचारलं.

"एक डाव बसून घेतो," अम्मा म्हणाली.

तमाशा बघायला निघालीत, चांदनं मनात म्हटलं. माझं नाक कापलं जाताना बघायचंय सगळ्यांना. त्यानं दात-ओठ खात गाडी सोडली ती नारायणगाव मागं पडेपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. वारा तोंडावर फटके मारत होता आणि त्याचा राग काही उतरत नव्हता. ज्या आईसाठी अर्ध्या रात्री उठून हकीम आणला, तिला आपली गाडी खुपावी?

पुढच्या ओढ्यात घात झाला. लाल गाडी वाळूत गेली आणि तिथंच बसली. मागं वजनच नव्हतं, चाकं जागच्या जागी गरगरत राहिली. एकटा माणूस, चालवणार की ढकलणार? तो शिव्या देत उतरला, तोवर काळी गाडी आलीच.

आठही जणं खाली उतरली. अम्मानंसुद्धा बुरखा सावरत मागून हात लावला. लाल गाडी पैलतीराला लागली.

"हो पुढं," इस्माईल म्हणाला.

चांदनं आभार मानले नाहीत. शर्यतीत दया दाखवणाऱ्या माणसाचा त्याला जितका संताप आला, तितका हरवणाऱ्याचाही आला नसता. असला थोरलेपणा त्याला नको होता. त्यानं गाडी पिटाळली.

फाट्यावर एक पागोटेवाले गृहस्थ झेंडूचा हार आणि नारळ घेऊन उभे होते. सोबत एक ड्रायव्हर होता. लाल गाडी थांबताच त्यांनी ती वाकून पाहिली.

"मी आळ्याचा गेणभाऊ," ते म्हणाले. "इस्माईलभाईंच्या घरचे का तुमी? ह्यात माणसं कुठं बसवता हो?"

म्हणजे गिऱ्हाईकसुद्धा आधीच उभं केलं होतं! चांदचा आवाज चढला. "माणसं बसवायला न्हाईच ती. आन् विकायलाबी न्हाई. मी पयला आलोय. हरलेली मागनं येतीया, ती घ्या."

"तीच तर घ्यायची हाय," गेणभाऊ शांतपणे म्हणाले. "सोमवारीच ठरलंय. आधी ओझरला गणपतीच्या पायांवर घालतो, मग घरी."

सोमवारी. शर्यत तर बुधवारी लावली होती.

काळी गाडी आली. आठ जणं उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. इस्माईलनं किल्ली गेणभाऊंच्या हातात दिली. हार चढला, नारळ फुटला आणि गाडी ओझरच्या वाटेला लागली. धूळ बसेपर्यंत सगळी तिकडंच बघत राहिली.

मग अम्मा लाल गाडीपाशी आली. तिनं गाठोडं चांदच्या हातात ठेवलं. हिरव्या पडद्यांचं.

"कुठं लावायचे ते तूच बघ," ती म्हणाली. "आता घरची गाडी हीच."